फालशाच्या बारीचं लग्न

फालसा एकदम पिकत नाही. एकाच झुबक्यात एक दाणा काळाजांभळा झालेला असतो, त्याला चिकटून एक लाल असतो आणि बाकीचे हिरवे कडक. म्हणून तोडणाऱ्याला रोज यावं लागतं आणि रोज थोडंच हाती लागतं. तोडलेलं फळ संध्याकाळपर्यंत पाणी सोडतं. असला माल घेऊन बाजारात कोणी बसत नाही. ज्याला खायचा त्याने झाडाजवळ जायचं.

मी पहिल्यांदा गेले ती डोहाळ्यांपायी. लग्नाच्या वर्षीच आम्ही भंडाऱ्याकडच्या खेड्यातून भिलाईला आलो होतो. कारखाना तेव्हा कुठे उभा राहत होता. माझे घरचे तिथं खलाशी म्हणून लागले. खलाशी म्हणजे दर्यावरचा नव्हे. लोखंडाचे अवजड तुकडे साखळदंडाने वर चढवायचे आणि जागेवर बसवायचे, असलं काम. राहायला कॅम्पात पत्र्याची खोली. दुपारी आत बसवत नसे. बाया दाराबाहेर सावलीच्या पट्टीत बसायच्या, सावली सरकली की त्याही सरकायच्या. सगळीकडे मुरमाची लाल धूळ. भात उघडा राहिला तर भातही लाल. मला अन्नाचा वास सोसत नव्हता. दोन घास पोटात टिकले तर नशीब.

शेजारी एका रेल्वेवाल्याची बायको राहत होती, नागपूरकडची. तोंडाने फटकळ. एके दिवशी तिने मला ओकताना पाहिलं आणि म्हणाली, "इथं ओकून काय मिळून राहिलं तुले? आंबट पायजे ना? नाल्यापलीकडं डोकरीची बारी हाय. चाल."

"पैसे?"

"पैसे नाही लागत. हात दुखते फक्त."

बारी म्हणजे भाजीची वाडी. छत्तीसगडी लोक तिला बारी म्हणतात, मग आम्हीही म्हणायला लागलो. नाला कोरडाच होता. तो ओलांडला की काट्याचं कुंपण, आणि आत गेलं की डोळ्यांना गार वाटायचं. काकडीचे वेल, भेंडी, लाल भाजीचे वाफे, तोंडलीचा मांडव. मधे विहीर. विहिरीपलीकडे फालशाची झुडपं, माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेली. विहिरीवर टेडा होता. लांब लाकूड, त्याच्या मागच्या टोकाला दगड बांधलेला, पुढच्या टोकाला दोरी आणि बादली. दोरी ओढून बादली खाली न्यायची, दगडाच्या वजनाने ती भरून वर येते.

म्हातारी बांधावर बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. सगळे तिला दाई म्हणायचे. तिने आमच्या हातातली भांडी पाहिली आणि म्हणाली, "पहिली पानी, पाछू फर."

आधी पाणी, मग फळ. हा तिथला दर. फालशाला पैसे नव्हते. काकडी-भेंडीचे ती पैसे घ्यायची, आणि ती भाजी स्वतःच्या हाताने तोडून द्यायची. पण फालसा ज्याचा त्याने तोडायचा, आणि त्याआधी टेडा ओढून झुडपांना पाणी घालायचं.

शेजारणीने सांगितलं, हिला दिवस गेलेत. दाईने मला वरून खाली पाहिलं आणि दोरी शेजारणीच्या हातात दिली. दोघींचं पाणी तूच काढ, म्हणाली.

"वा!" शेजारीण म्हणाली. "केलं हिच्या नवऱ्यानं, अन् पानी मी ओढू?"

विहिरीच्या पलीकडून कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. तो दाईचा नवरा होता. त्याला सगळे बबा म्हणायचे. तो वाफ्यात बसून खुरपत होता आणि बहुतेक वेळा दिसायचा नाही, फक्त ऐकू यायचा.

मी झुडपात शिरले आणि खात सुटले. भांड्यात एक, तोंडात चार. आधी आंबट, मग गोड, मग जिभेला थोडं तुरट. त्या दिवशी मला उलटी झाली नाही. बाहेर आले तेव्हा दाई समोर उभी होती.

"कइसे लागिस?"

कसं लागलं, असं ती विचारत होती. मी म्हटलं, चांगलं. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. चांगलं म्हणजे कसं? आंबट किती? कशासारखं? मी म्हटलं, आमच्याकडच्या बोरासारखं, पण ओलं. ती मान हलवत राहिली, जणू मी काही चुकीचं सांगितलं होतं.

पुढे रोज जायला लागल्यावर पाहिलं, ती प्रत्येकाला हेच विचारायची. कॅम्पात तेव्हा सगळा मुलूख जमला होता. आंध्रातली बाई म्हणायची चिंचेसारखं. पंजाबी म्हणायचा शरबतासारखं. ओडिशाकडची एक पोरगी म्हणाली जांभळासारखं. दाई सगळ्यांचं ऐकायची, पण कोणाचंच तिला पटायचं नाही. मला वाटलं म्हातारी जरा सरकलेली आहे. एकदा मी सरळ म्हटलं, "दाई, एवढं विचारते तर एक तोंडात टाकून पाहा ना."

तिने दोन्ही हात मागे घेतले. मी जणू निखारा पुढे केला होता.

मग तिने सांगितलं. बाग लावणाऱ्याने बागेचं लग्न लावून द्यायचं असतं. बाग नवरी, विहीर नवरा. आपल्याकडे विहीर बाईमाणूस, त्यांच्या बोलीत कुआँ, म्हणून तो नवरा. मांडव घालायचा, हळद लावायची, कन्यादान करायचं, गावाला जेवण द्यायचं. हे होईपर्यंत बाग कुंवारी. आणि कुंवारी लेकीची कमाई आईबापाने खायची नाही. विकायची नाही, तोडायचीही नाही. दुसऱ्याने तोडून नेली तर दोष नाही. भाजीपाल्याला हा नियम नाही, फक्त फळझाडांना.

"म्हणून तू लोकांकडून तोडून घेते?"

"पिकलं अन् गळून पडलं तर झाडाले वाईट वाटते," दाई म्हणाली. आमच्याशी बोलून बोलून तिच्या तोंडी आमची बोली अर्धी चढली होती.

फालशाच्या काड्या बबाने आणल्या होत्या. तरुणपणी तो कुठल्याशा रजवाड्याच्या बागेत माळीकाम करायचा. तिथून निघताना ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. तिथं असताना एक दाणा तोंडात टाकला नाही, कारण बाग राजाची आणि पहारा कडक. आसपासच्या कुठल्या गावात फालसा नव्हता. म्हणजे या दोघांनी तो जन्मात कधी चाखलाच नव्हता. झाडं लावली, वाढवली, दरवर्षी फळ आलं, आणि दरवर्षी लग्न राहिलं. एक वर्ष पाऊस नाही. एक वर्ष खऱ्या लेकीचं लग्न, मग झाडाच्या लेकीला कुठून? एक वर्ष बैल मेला. गावजेवण म्हणजे सोपं नव्हतं.

मी म्हटलं, "गुपचूप दोघांनीच लावून टाका. गाव कशाला?"

बबा वाफ्यातून बोलला, "मी केव्हाचं म्हणून राहिलो. ये डोकरी मोर ले जादा पेड़ मन के गोठ सुनथे." ही माझ्यापेक्षा झाडांचं जास्त ऐकते.

"तुमचं ऐकलं असतं तर विहीरसुद्धा खणून झाली नसती," दाई म्हणाली.

ते दोघं असे बोलायचे. मला ते आवडायचं, कारण माझे घरचे कामावरून आले की झोपायचे आणि मी भिंतीशी बोलायची.

मुलगा झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात मी त्याला कडेवर घेऊन गेले. दाईने फालसा बोटाने चिरडून त्याच्या ओठाला लावायला सांगितलं, मला. स्वतः लावला नाही. पोराने तोंड वाकडं केलं आणि मग जीभ बाहेर काढली, अजून पाहिजे म्हणून. दाई किती तरी वेळ त्याचं तोंड पाहत राहिली.

त्याच उन्हाळ्यात नाल्याच्या अलीकडे चुन्याच्या रेघा पडल्या आणि लाकडी खुंट्या ठोकल्या गेल्या. कामगारांना राहायला सेक्टर बांधायचे होते. रेघा नाला ओलांडून पलीकडे गेल्या. दाईच्या गावातली घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली. काही शिवनाथ नदीकडे गेली, काही जामुलच्या बाजूला नातेवाइकांकडे. मी यावर रडारड लिहिणार नाही. कारखान्यानेच आमचं पोट भरलं, माझ्या मुलाला शाळा दिली, पुढे सेक्टर दोनमध्ये पक्कं क्वार्टर दिलं. ज्यांची जमीन गेली त्यांच्यातही कित्येकांना नोकऱ्या लागल्या. पण म्हाताऱ्या माणसाला कोण नोकरी देतो?

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर दाईच्या बारीचे सरकारकडून पैसे आले. तिनेच मला आनंदाने सांगितलं. मी समजले होते ती रडत बसली असेल. ती तर शेणाने अंगण सारवत होती.

"अब बिहाव होही, नोनी!" आता लग्न होईल, पोरी.

तिचा हिशोब सरळ होता. बारी तर जाणारच. आजवर लग्न राहिलं ते गावजेवणापायी. आता सरकार पैसे देत आहे, त्या पैशाने गाव जेवू घालायचं. दिवस अक्तीचा, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. त्या दिवशी मुहूर्त पाहावा लागत नाही. फालसाही तेव्हा भरात असतो. लग्न लागलं की ती आणि बबा पोटभर खातील, आणि मग डोझर आला तरी चालेल. तिने अंगठा दिला तो याच घाईने. गावात उरलेले बाकी लोक पैसे वाढवून मागत अडून बसले होते, ही त्यांच्या आधी जाऊन अंगठा उठवून आली.

आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझ्या घरच्यांनीच तिला ऑफिस कुठे ते दाखवलं होतं. शेजारीण म्हणाली, "म्हातारीनं सरकारच्या पैशानं पोरीचं लगन काढलं, हुशार हाय!" दाईने तांदूळ आणले, डाळ आणली, झुडपांवर पांघरायला पिवळी साडी आणली. बांगड्यासुद्धा आणल्या. मी म्हटलं, झाडाला बांगड्या कुठे भरणार? ती म्हणाली, प्रत्येक फांदीला एक.

मग बैगा आला. बैगा म्हणजे गावाचा देवधर्म पाहणारा. म्हातारा, हडकुळा, बोलायला सौम्य. मांडवाची जागा ठरवायला आला होता. मी त्या वेळी टेड्यावर होते. त्याने विहिरीभोवती एक फेरी मारली, चार खुंट्यांची जागा पायाने दाखवली आणि सहज विचारलं, पैसे मिळाले का? दाई म्हणाली, मिळाले. अंगठा दिला का? दिला. तिने अंगठा वर करून दाखवला. शाई अजून पूर्ण गेली नव्हती.

बैगा खाली बसला.

"बेटी ल त बेंच डारे हस, दाई. अब काखर कन्यादान करबे?"

लेक तर तू विकून टाकलीस, आता कन्यादान कोणाचं करणार. हे तो रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर आम्ही भांडलो असतो.

मी मधे पडले. म्हटलं, जमीन विकली, झाडं कुठे विकली?

"झाडांचे पैसे वेगळे लावले ना?" त्याने बबाला विचारलं.

बबा म्हणाला, लावले. विहिरीचेही वेगळे लावले.

"मग नवरी पण गेली आणि नवरा पण गेला."

बबा उठून उभा राहिला. लग्नासाठीच तर पैसे घेतले, हे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. बैगा ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "लेक विकायची अन् त्याच पैशात तिचं लगीन लावायचं, असं कुठं पाहिलं का तू?"

कोणाची चूक असती तर बरं झालं असतं. शिव्या द्यायला कोणीतरी मिळालं असतं. पैसे नसते घेतले तर गावजेवण झालं नसतं. घेतले तर बारी तिची राहिली नाही. दाई म्हणाली, ज्याची लेक झाली त्याला बोलवा. सरकार म्हणजे कोणी माणूस असेल ना. तो येऊन कन्यादान करून जाईल.

माझे घरचे हे ऐकून हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी हसत नाही. "बरं बाई, बोलून पाहतो ओवरसियरले," ते म्हणाले. "पन तो मले पागल म्हनन."

ओवरसियर म्हणजे त्या भागातल्या आखणीवरचा साहेब. तरुण पोरगा, दूरच्या कुठल्या तरी शहरातला. ताडपत्रीखाली खुर्ची टाकून बसला होता, बुटांवर चुना. माझ्या घरच्यांनी सांगितलं तसा तो खो खो हसला. दाई समोर उभी होती. ती हसेना, तसं त्याने हसणं आवरलं आणि तिला बसायला डबा पुढे केला.

"माई, सरकार तो दिल्ली में बैठी है. और मैं कन्यादान करूँ? मेरी खुद की शादी नहीं हुई!"

कन्यादानाला जोडपं लागतं. ते त्याच्याही लक्षात आलं. पण माणूस वाईट नव्हता. त्याने डोझर अक्तीच्या आधी नाल्यापलीकडे नेणार नाही, असा शब्द दिला. मग माझ्या घरच्यांकडे बोट करून म्हणाला, हेही सरकारी माणूसच आहेत, बायको आहे, पोर आहे, यांच्याकडूनच करून घ्या.

ते मला पटलं. दाईलाही पटलं. परत येताना ती माझा हात धरून चालत होती, तसं ती आधी कधी चालली नव्हती. बैगाला बोलावलं. त्याने विचार केला. सरकारचं मीठ खातो तो सरकारचा माणूस, चालेल, म्हणाला. बबाने लगेच कुदळ उचलली, मांडवाचे खड्डे खणायला.

"फक्त एक," बैगा म्हणाला. "तुम्ही फळ तर खाल्लं नाही ना?"

लेक देणाऱ्याने लेकीची कमाई खाल्लेली चालत नाही. जो नियम दाईला तोच आम्हाला.

माझे घरचे चटकन बोलले, "नाही, नाही. आमी कुठून खानार? आमच्या घरी कोनी आंबट खात नाही."

मी त्या बारीत जेवढं खाल्लं तेवढं कॅम्पात कोणी खाल्लं नसेल. पोटातल्या पोरासकट खाल्लं होतं. दाईने माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता. उलट थोडं हसूच आलं होतं.

"मैं तोर जीभ ल देखे हंव, नोनी," ती म्हणाली. तुझी जीभ मी पाहिली आहे, फालशाने जांभळी झालेली.

"अवो दाई, कोनाले समजते?" माझे घरचे म्हणाले.

"बागेला समजते," दाई म्हणाली आणि घरात निघून गेली. बबाने खणलेला खड्डा तसाच राहिला. मी नंतर पायाने माती ढकलून बुजवला, कोणी अडखळून पडू नये म्हणून.

दुसरं जोडपं आम्ही शोधलं. दाईला ओळखणारं, पण तिचा फालसा न खाल्लेलं. असं कोणी नव्हतंच. जो तिला ओळखत होता तो तिच्या झुडपात शिरून आला होता. ज्यांनी खाल्लं नव्हतं ते तिला ओळखत नव्हते. एकाने विचारलं, आम्हाला काय मिळेल? एक बाई तोंडाला पदर लावून हसली आणि घरात गेली. शेजारीण माझ्याबरोबर कॅम्पातल्या रांगांमधून फिरली, दोन दिवसांनी तीही थकली. "एवढ्या उन्हात झाडाच्या लगनाले कोन येते बाई," ती म्हणाली. खरंच होतं.

अक्ती आली. त्या दिवशी छत्तीसगडी पोरी मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. गावात जी थोडी घरं उरली होती त्यांच्या दारात पानांचे छोटे मांडव पडले होते, पोरी ओरडून ओरडून गात होत्या. दाईच्या अंगणात काही नव्हतं. मी गेले तेव्हा ती भेंडी तोडत होती. पिवळी साडी घडी घालून खाटेवर. मी टेडा ओढायला लागले तर ती म्हणाली, राहू दे. आता पाणी कशाला?

आठवड्याभरात डोझर आला. ओवरसियरने आदल्या दिवशी निरोप पाठवला होता, त्यामुळे दाईने सगळ्या कॅम्पाला सांगितलं होतं, या आणि तोडून न्या. पहाटेपासून लोक आले. टोपल्या, घमेली, पदर, लुगड्याचे ओचे, हाताला लागेल ते. झुडपं वाकवून, काही तर फांद्या मोडून तोडत होते. त्या दिवशी कोणी पाणी काढलं नाही आणि दाईने मागितलंही नाही. कोणाला कसं लागलं तेही विचारलं नाही. बांधावर बसून होती. बैलगाडीत सामान भरलं होतं. लग्नाचे तांदूळ आणि डाळही त्यातच.

डोझरवाला नाल्याच्या काठावर बिडी ओढत थांबला होता. लोक पांगले तसा त्याने हात वर करून विचारलं, येऊ का?

तेव्हा बबा उठला. सरळ झुडपांकडे गेला, फांदी खाली ओढली, एक दाणा तोडला. दाई ओरडली, "का करत हस?"

बबा आम्हा सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला. असा मोठ्याने बोलताना मी त्याला त्या दिवशीच पाहिलं. "अब त ये पर के बेटी ए," तो म्हणाला. "पर के फर ल खाय म का दोस?" आता ही परक्याची लेक. परक्याचं फळ खाण्यात कसला दोष?

आणि त्याने दाणा तोंडात टाकला.

खरं म्हणजे त्याचं बरोबर होतं. बैगाने जे सांगितलं त्याचा अर्थ तोच होता. बारी त्यांची नाही तर बंधनही नाही. आमच्यापैकी कोणाच्या हे डोक्यात आलं नव्हतं. मीच पुढे झाले, खालची एक फांदी उचलून पाहिली, पाल्याखाली दोन काळे दाणे राहिले होते. ते तोडून दाईजवळ नेले. म्हटलं, "दाई, बबा बरोबर म्हणतो. आता खा. तुला आता कोण अडवतं?"

ती माझ्या हाताकडे पाहत होती. तिला खायचं होतं. एवढ्या वर्षांची भूक होती ती, तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं.

"पइसा सरकार के," ती म्हणाली. "बेटी मोर." पैसा सरकारचा, लेक माझी.

आणि माझी मूठ तिने आपल्या हाताने बंद केली.

मला तेव्हा तो हट्ट वाटला. आताही हट्टच वाटतो. पण बबाने खाल्लं तेव्हा बारी सरकारची झाली आणि तिने खाल्लं नाही म्हणून ती तिची राहिली, एवढं मला नंतर कळलं. ते कळून उपयोग काहीच नव्हता. डोझर आत आला. फालशाची मुळं खोल नसतात, फार वेळ लागला नाही. विहीर बुजवायला मात्र दोन दिवस मुरूम टाकत होते.

गाडीत ते दोघं बसले ते एकमेकांकडे पाठ करून. जामुलच्या बाजूला लेकीच्या गावी गेले. तिथून भाजी घेऊन ते कॅम्प क्रमांक एकच्या बाजाराला यायचे. बाजाराच्या या टोकाला दाई, त्या टोकाला बबा, दोघांची वेगळी टोपली. दोघांच्या टोपलीत तोच माल, एकाच वाफ्यातला. मी दोघांकडून घ्यायची. तिच्याकडून तोंडली घेतली तर त्याच्याकडून भेंडी. मी दाईला एकदा म्हटलं, आता पुरे कर, म्हातारपणी कोण असं करतं. ती म्हणाली, "काकडी घ्यायची तर घे." शेजारणीने बबाची थट्टा करून पाहिली, "काय बबा, नवी बायको पाहू का?" तो हसला नाही.

एकदा आमच्या घरच्यांनी नागपूरहून येताना पळसाच्या पानात बांधून फालसे आणले, तिच्यासाठी. येईपर्यंत त्यांचं पाणी झालं होतं. तिने पुडा उघडलादेखील नाही. वास घेतला आणि परत दिला.

पुढचे दोन-तीन हिवाळे ती बाजारात दिसली. मग एका आठवड्याला तिची जागा रिकामी होती. मी त्या टोकाला बबाकडे गेले. तो तिच्या टोपलीसकट बसला होता, दोन्ही टोपल्या एकमेकींत घातलेल्या. मी न विचारताच त्याने सांगितलं. ताप आला, चार दिवसांत गेली. शेवटपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. पाणी लेकीच्या हातून प्याली.

मी त्याच्याजवळ खाली बसले. भाजी घेणारे येत होते, तो त्यांना तोलून देत होता.

"नोनी, मैं गलत करेंव का?" त्याने विचारलं.

"नाही बबा. तुझं बरोबर होतं."

त्याने तराजू खाली ठेवला. म्हणाला, त्या दिवशी लोकांनी वरचं पिकलेलं सगळं नेलं होतं. घाईत हाताला लागला तो दाणा त्याने तोडला. कच्चा होता. हिरवा, तुरट, दातात अडकला. थुंकता आला नाही, सगळे पाहत होते. गिळला. तिला सांगायचं होतं की पिकलेला फालसा मीही चाखला नाही. पण ती ऐकायला तयार झाली नाही.

मी त्याच्याकडून पावभर भेंडी घेतली आणि घरी आले.